पिल्लू बोटीखाली असताना

लिसिआते : ताई, वारा खडकाकडे ढकलतोय. पाणी उथळ, हिरवं दिसायला लागलं.

लुपे : दिसतंय मला. देवमाशाचं पिल्लू कुठेय?

लिसिआते : बोटीखालीच. आई त्याच्याही खाली, झोपलीय.

आत्या : इंजिन चालू कर, लुपे.

लुपे : पंखा पिल्लाच्या पाठीवरच आहे, आत्या.

आत्या : पाहुणे हम्पबॅक देवमासे बघायला आलेत, फुटकी बोट बघायला नाही. आणि मला पोहता येत नाही.

लुपे : पिल्लू निघेपर्यंत इंजिन बंदच राहील.

आत्या : बापाच्या सुतकात गुंडाळलेली चटई अजून कमरेला आहे, आणि मला उलट बोलतेस? थोरल्या बहिणीचा शब्द त्यानं जन्मात मोडला नाही.

लुपे : घरी मीही मोडणार नाही.

आत्या : मी उगाच आले नाही आज. रविवारी चर्च सुटलं की सगळे मला विचारणार, बोट कुणाला द्यायची. तुझा चुलतभाऊ विलिआमी म्हणतो, पोरीच्या हातात नको, मला द्या. म्हटलं, स्वतः बघून येते.

लुपे : मग बघा.

लिसिआते : बाबा असते तर...

लुपे : बाबा नाहीत. बांबू घेऊन पुढे जा. खडकाला टेकवून धर, ढोसू नकोस. पाहुण्यांना सांग, बसल्या जागी बसा.

लिसिआते : टेकला. पण वाकतोय, ताई. मला नाही पेलत.

आत्या : सरक, काटकुळ्या. माझं वजन कधीतरी कामाला येऊ दे. तुझ्यासाठी नाही हं, लुपे. मला बुडायचं नाहीये.

लुपे : आई हलली. वर येतेय.

लिसिआते : बांबू तडकतोय.

लुपे : अजून नाही. श्वास घेऊ दे दोघांना... पिल्लू बाहेर आलं. आईला चिकटून चाललंय. अजून थोडं. सोडा बांबू. घट्ट धरून बसा.

(इंजिन सुरू होते.)

लिसिआते : सुटलो. तळ जरासा घासला, बाकी काही नाही.

आत्या : पिल्लू धडधाकट गेलं.

लुपे : हो.

आत्या : आणि बोटही फुटली नाही.

लुपे : तुमचा शब्द मोडला मी. विलिआमीला मीच सांगते, बोट घेऊन जा म्हणून.

आत्या : तू काही बोलू नकोस. विलिआमीला मी सांगेन, दुसरी बोट बघ.