हाकेला ओ

धाकटी : हळू बोल गं ताई. तुझ्या कुजबुजीलासुद्धा टाचा आहेत.

ताई : बरं बाई, अनवाणी बोलते. कधी झोपलं भुंगीबाळ?

धाकटी : आत्ताच. तू लिफ्टमधून बाहेर आलीस आणि हिनं डोळे मिटले. म्हणून तर तू बेलला बोट लावायच्या आत दार उघडलं.

ताई : मला वाटलं, बहिणीची ओढ.

धाकटी : ओढ होती पूर्वी. आता नुसती ओढाताण आहे.

ताई : अगं, केस एकाच बाजूचे विंचरलेत तुझे.

धाकटी : दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत ती उठली.

ताई : आणि चहाच्या कपात हा मोजा?

धाकटी : तिथे होय! कालपासून शोधतेय. दे इकडे.

ताई : फोनवर नुसतं "ये" म्हणालीस आणि ठेवलास. मी प्रयोगशाळेतनं तशीच निघाले. झालंय काय?

धाकटी : सोमवारी कामावर हजर व्हायचंय. काल सरावाला बोलावलं होतं. बाळंतपणाच्या रजेनंतर रुग्णवाहिकेच्या फोनवर पुन्हा बसायचं तर आधी सराव घेतात. अपघात खोटा, फोन खोटा. आमच्यातलीच एकजण घाबरलेल्या म्हाताऱ्याचा आवाज काढते. मी गाडी पाठवली. झटकन पाठवली बघ, सगळ्यांच्या आधी. चुकीच्या गल्लीत.

ताई : सरावातच ना.

धाकटी : म्हातारा खोटा होता म्हणून वाचला. साहेबीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन हळूच काढून घेतला आणि म्हणाल्या, "झोपून या." जशी काही झोप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

ताई : आणि आमचे जावईबापू काय म्हणतात?

धाकटी : तुमचे जावईबापू सुतार. त्यांच्याकडे कशावरही एकच उपाय, नीट बसणारं दार. आज रात्री भुंगीची खाट पलीकडच्या खोलीत न्यायची, दार ओढून घ्यायचं. रडेल, रडेल आणि झोपेल. शेजारच्यांच्या बाळाला म्हणे असंच वळण लागलं.

ताई : इतका कठोर नाही गं तो.

धाकटी : कठोर कुठला! परवा रात्री नळ सोडून बाथरूममध्ये बसला होता. मला वाटलं, आंघोळ करतोय. कोरडाच बाहेर आला. डोळे तेवढे धुतलेले.

ताई : अरे देवा.

धाकटी : तूच सांग आता. रात्र रात्र लोकांच्या बाळांची झोप मोजायला त्यांच्या डोक्याला तारा लावून काचेमागे बसतेस. आज दार लावू की नको? हो किंवा नाही, एवढंच.

ताई : एवढंच नाही सांगता येत.

धाकटी : वाटलंच होतं मला.

ताई : ऐकून तरी घे. असे अभ्यास झालेत. आईबापांच्या काही जोड्यांना शिकवलं, की बाळाला जागंच खाटेत ठेवा, बाहेर या, रडलं तर थोडं थांबून जा, डोकावा, थोपटा, पुन्हा बाहेर या, आणि हे थांबणं हळूहळू वाढवा. बाकीच्यांना काहीच शिकवलं नाही. शिकलेल्या घरांत रडारड कमी झाली, आया जरा माणसांत आल्या, त्यांचं मन थाऱ्यावर आलं. हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

धाकटी : म्हणजे लावू दार.

ताई : पुढे ऐक. एके ठिकाणी बाळांच्या पायाला हालचाल टिपणारं यंत्र बांधलं. तर काय, शिकवलेली बाळंही रात्रीतनं जवळजवळ तितक्याच वेळा जागी होत होती. आईबापांना कळत नव्हतं, एवढंच. जागी व्हायची, इकडेतिकडे बघायची आणि आपली आपण पुन्हा झोपायची.

धाकटी : अंधारात, एकटी?

ताई : तूही जागी होतेस रात्रीतनं. मीही होते. कूस बदलतो आणि सकाळी विसरून जातो. झोप काही सलग कापड नसतं. ठिगळाठिगळाची गोधडी असते ती. शिवण उसवली की आपण दोन टाके घालतो आणि पुढे जातो. बाळांना टाके घालायला वेळानं येतं.

धाकटी : आणि काहींच्या आया अख्खी गोधडीच उचलून झटकतात.

ताई : तुझ्या तोंडून आलं हं ते, माझ्या नाही.

धाकटी : मला भीती कसली आहे सांगू? ती रडायची थांबेल, पण शिकेल काय? हाक मारली तरी पलीकडे कुणी नसतं, हेच ना? ताई, मी असे फोन ऐकलेत. आधी माणूस ओरडतो, मग नुसता श्वास ऐकू येतो. आमच्याकडे त्या शांततेला कुणी बरं झालं म्हणत नाही.

ताई : एका लहानशा अभ्यासात असं दिसलं होतं, की बाळं गप्प झाली तरी त्यांच्या अंगातली ताणाची खूण तितकी उतरली नव्हती.

धाकटी : बघ!

ताई : मोजकी बाळं होती, तीही घरी नाही, परक्या जागी. त्यावर बरेच आक्षेप आहेत. तेवढ्यावरून गाव पेटवू नये. दुसरीकडे मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं, पार शाळेत जाईपर्यंत. वळण लावलेली आणि न लावलेली, काही फरक सापडला नाही. स्वभावात नाही, आईच्या मायेतही नाही.

धाकटी : म्हणजे नुकसान नाही.

ताई : दिसलं नाही. "दिसलं नाही" आणि "नाहीच" यात एक बोळ आहे. मी त्या बोळात राहते.

धाकटी : अगं पण मी कुठे राहू? तुझं आपलं कायमचं, "असं दिसतं", "तसं म्हणवत नाही." फोनवर मी असं बोलले तर माणूस जायचा. आणि तुझं काय जातंय? तुझी बाळं सकाळी आपापल्या घरी जातात.

ताई : …हो. जातात.

धाकटी : ताई.

ताई : टोपी काढते मी त्यांची. तारांचे गोल वळ उठलेले असतात कपाळावर, ते कोमट पाण्यानं पुसते. मग त्यांच्या आया येतात.

धाकटी : ताई, जीभ जळो माझी. बाजारातल्या बाईशीसुद्धा मी असं बोलत नाही.

ताई : राहू दे. झोप नसली की जिभेला धार येते, यावरही अभ्यास आहेत.

धाकटी : खरंच?

ताई : नसतील तर मी करीन. गिनिपिग घरातच आहे.

धाकटी : हसवू नकोस, आवाज होईल… ऐकलंस? उठली. उठली ती.

ताई : थांब.

धाकटी : हात सोड माझा. हाक मारतेय ती.

ताई : डोळे बघ तिचे.

धाकटी : ओठ काढलाय, रडणार आता…

ताई : डोळे, धाकटे. डोळे बघ.

धाकटी : …मिटलेत.

ताई : पापणीखाली काय हलतंय?

धाकटी : बुबुळं. तळ्यात मासोळी फिरावी तशी.

ताई : झोपलीय ती. लहान बाळांची बरीचशी झोप अशीच असते. कण्हतील, ओठ काढतील, लाथा झाडतील, एखादा हुंदकासुद्धा देतील. सगळं झोपेतच.

धाकटी : परत कण्हली.

ताई : कण्हू दे. तू श्वास घे, धरून ठेवलायस.

धाकटी : …गप्प झाली.

ताई : बोलणं संपलं तिचं.

धाकटी : कुणाशी बोलत होती?

ताई : ते आमच्या यंत्रात येत नाही.

धाकटी : ताई, मी काय करते माहितेय? पहिल्या हुंदक्यालाच उचलते. दुसरी घंटी वाजू द्यायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला धडा. तो माझ्या हाडात शिरलाय. ती जरा कण्हली की मी उडी मारून तिच्यापाशी. दिवा लावते, खांद्यावर घेते. "काय झालं, कुठे दुखतंय, सांग मला."

ताई : पत्ता नाही ना विचारत?

धाकटी : अजून तरी नाही! मग ती डोळे उघडते आणि माझ्याकडे अशी बघते… गाढ झोपलेल्याला हलवून कुणी विचारावं ना, "झोपलास का रे?" तसं. आणि मग भोकाड पसरते. म्हणजे मीच उठवत होते तिला? इतके महिने?

ताई : काही वेळा तू. काही वेळा भूक, काही वेळा दात. काही वेळा नुसतंच.

धाकटी : लहानपणी तू सांगायचीस ना, टिटवी पाय वर करून झोपते म्हणून?

ताई : आभाळ पडलं तर पेलायला.

धाकटी : तशी झालेय मी. ती झोपते आणि मी पाय वर करून पडलेली.

ताई : मग खाली ठेव पाय. आभाळ आपलं आपण उभं राहतं बऱ्याचदा.

धाकटी : आणि खरंच हाक असली तर?

ताई : तर जायचं. हाकेला ओ द्यायची नाही असं कुठलंच संशोधन म्हणत नाही. तेवढं, हाक आहे की बडबड, हे कळायला लागतं तितकं थांबायचं. आणि यानंच सगळं भागेल असं मी म्हणणार नाही. नाही भागलं तर त्या हळूहळूच्या वळणानं जा. सहा महिने ओलांडलेत, वजन चांगलं भरतंय, डॉक्टरांची हरकत नाही. ते केलंस म्हणून तू कैदाशीण होत नाहीस, आणि नाही केलंस म्हणून तिची झोप जन्माची बिघडत नाही.

धाकटी : आज दार नाही लावायचं.

ताई : हे विचारतेयस की सांगतेयस?

धाकटी : सांगतेय. त्यालाही सांगीन, दार उघडं. मी अंथरुणातूनच ऐकीन आणि थांबीन. मला राहवलं नाही तर त्यानं मला धरायचं, तू धरलंस तसं. सुतार आहे, पकड चांगली आहे त्याची. आणि खरी हाक आली तर एकदा मी, एकदा तो.

ताई : रविवारी रात्री मी येते. तू मागच्या खोलीत, कानात कापूस घालून.

धाकटी : तुझी रात्रपाळी?

ताई : काचेमागून बघायला तिथे दुसरं कुणी बसेल. आणि आता एक खडसावून सांगते. परवा व्हिडिओवर बोललो तेव्हा भुंगी छातीवर होती आणि तू याच खुर्चीत पेंगत होतीस. ते नाही करायचं. बाकी सगळ्याला माझ्याकडे "दिसतं" आणि "वाटतं" आहे, याला नाही. मऊ खुर्चीत, सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणं वाईट. डोळे जड झाले की तिला पाठीवर, तिच्या कडक गादीवर ठेवायचं. भोवती काही नको.

धाकटी : आईच्या अंगाईत तर मऊ उशी आहे, रेशमाची दुलई आहे, मोराचं पीस आहे…

ताई : गाण्यात असू दे. गाण्यातल्या उशीनं कुणाचा श्वास अडत नाही.

धाकटी : म्हण ना काहीतरी. तू जुळवायचीस पूर्वी.

ताई : ताल सुटलाय गं. प्रयोगशाळेत गाणं चालत नाही, आलेखात लाटा उठतात.

धाकटी : इथे उठू देत.

ताई : थांब हं…
झोप गं आली दारी, तिला म्हणावं, धर धीर
बाळाच्या पापणीला, अजून उघडी एक चीर.

धाकटी : अजून.

ताई : झोप गं आली घरी, तिचे भिजले दोन्ही पाय
बाळाला निजवताना, तिला दिसली जागी माय.

धाकटी : पाय का भिजले तिचे?

ताई : लांबून आली असेल. नदी ओलांडून.

धाकटी : मला हल्ली स्वप्नात फोन वाजतो. पाण्याखाली. मी हात घालते तर तो आणखी खोल जातो, आणि वाजतच राहतो. त्या वाजण्याचे बुडबुडे वर येतात. काल एक बुडबुडा धरला मी. त्यात भुंगी होती. हसत होती. मी म्हटलं, तूच लावलास होय फोन, आणि ती म्हणाली…

ताई : काय म्हणाली?

धाकटी : म्हणाली की… ते नाही का आपलं…

ताई : काय गं? …धाकटे? …वाक्य तरी पुरं करायचंस.

(बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.)

ताई : अगंबाई! आणि तू केव्हापासून जागी? गजांमधून नुसती बघत पडलीयस होय. बघ, बघ. मी मावशी. माझ्या डोळ्यांत काही नाही, पाणी आहे. अहं, ओठ नाही काढायचा. हे घे, बोट धर. भूक लागली? नाही ना? मग इकडे बघ, खुर्चीत. मान कलंडलीय, तोंड उघडं पडलंय, ती कोण? ती आई. कुठेही गेलेली नाही गं. झोपलीय फक्त.