पिकेट कुटुंबाच्या एकोप्यासाठी

नाही, नाही, मिसेस पिकेट, आधी बसा — उभ्याउभ्या रागावलं की माणूस नको ते बोलून जातं, आणि मग बसल्यावर पस्तावतं. ती खुर्ची नको, तिच्यावर नाटकातल्या मर्दखयची दाढी वाळत घातली आहे, डिंक अजून ओला आहे. इकडे या, शिवणयंत्राजवळ. पेपरमिंट घ्या. घ्या हो, चर्चमध्ये प्रवचन लांबलं की आम्ही सगळे हेच चघळतो, राग निवायलाही बरं असतं. हं. आता सांगा — म्हणजे दारातून सांगितलंतच तुम्ही, वरच्या मजल्यावर ऑर्गन वाजवणाऱ्यालाही ऐकू गेलं असेल — की गेल्या शुक्रवारच्या वर्गपत्रात ‘पिकेट कुटुंबाच्या एकोप्यासाठी प्रार्थना करावी’ हे वाक्य लिहिलं कोणी? मी लिहिलं. त्यात लपवायचं काय? चौथीचं वर्गपत्र दर आठवड्याला हीच योहाना स्टेल्वागन लिहिते, सगळ्या शाळेला ठाऊक आहे. मिस ब्राउवर गुणी शिक्षिका आहे, पण तिला मुलांकडून लॅटिनची रूपं घोकून घ्यायची, सुंदर अक्षर काढून घ्यायचं, वर हे एस्तेर राणीचं नाटक बसवायचं — तिला पत्र लिहायला वेळ कुठला? ती मला मुद्दे सांगते, मी ते नीट मांडते. या आठवड्यात कोणतं स्तोत्र पाठ झालं, रोमच्या इतिहासात कुठवर पोचलो, तालीम कोणत्या वारी, कोणाच्या डब्याचं झाकण हरवलं — आणि सर्वांत शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या. तो भाग मात्र सर्वस्वी माझा. आणि खरं सांगू? पालक रोमचं साम्राज्य वाचत नाहीत, मिसेस पिकेट. सरळ खाली येतात.

आता ‘एकोपा’ म्हणजे एकोपा. त्यात वावगं काय आहे? मी म्हणाले का कुठे, की तुमचं आणि तुमच्या यजमानांचं पटत नाही? लोकांनी आपल्या मनाने काढला अर्थ. लोकांच्या मनाला मी काय करणार — मी तर त्यासाठीही प्रार्थना करते. यजमान मालवाहू जहाजावर आहेत, हे मला काय माहीत? म्हणजे — माहीत होतं. तुमच्या लेकीने, जूनने, माझ्या नातीला, लेनाला सांगितलं होतं, की सरोवरावरचं बर्फ फुटलं की बाबा जातो तो थेट पुढच्या हिवाळ्यात येतो. पण मला सांगा, ज्या घरातला पुरुष वर्षातले इतके महिने पाण्यावर असतो, त्या घराच्या एकोप्याला प्रार्थनेचा टेकू लागत नाही का? लागतोच. माझ्या घरातले सगळे एका छपराखाली झोपतात, तरी लागतो. … काय? चर्चच्या पाळकांनी फोन केला? जहाजावर? कप्तानाच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत? अरे देवा. नाही, हे मला खरंच नव्हतं ठाऊक. पाळक व्हिसर मनाने फार चांगले, पण आवाज इतका मोठा की फोन कानाला लावायची गरजच नसते. मग तुमचे यजमान काय म्हणाले? … ‘मी तर कालच घरी बोललो, कपडे धुण्याच्या यंत्राचा पट्टा बदलायचा म्हणून’ — हसू नका म्हणता, पण मी हसत नाही, खोकते आहे. आणि जेवणं? आणली ना लोकांनी? बघा, हीच आमच्या मंडळीची रीत — इकडे विनंती वाचली, तिकडे बटाट्याचे ट्रे भट्टीत. फ्रीजरचं दार लागत नाही, एवढे? मिसेस हुकस्ट्राचा मटारवाला आला असेल, तर तो तेवढा खाऊ नका. वर्षभरापूर्वीचे मटार असतात. बाकी सगळं प्रेमाने केलेलं आहे.

तुम्ही ओहायोहून आलात, तिथली रीत वेगळी असेल. इथे आम्ही गोष्टी देवाकडे मागून घेतो, मिसेस पिकेट, हिसकावून नाही. माझे वडील गोठ्यात दूध काढताना दावीद राजाची स्तोत्रं म्हणायचे, गाईसुद्धा त्या चालीवर पान्हा सोडायच्या — त्या घरातली मी. माझा दिवस गुडघ्यांवर सुरू होतो. अहंकार म्हणाल, तर तो मी रोज पहाटे प्रभूच्या पायांशी ठेवून येते. उठताना थोडासा परत अंगाला चिकटून येतो, त्याला माझा इलाज नाही. तर सांगायचं हे, की नाटकातल्या भूमिकासुद्धा आम्ही वाटत नाही. मिस ब्राउवर आधी मुलांसोबत प्रार्थना करते, प्रत्येक मूल आपल्या मनातलं बोलतं, सगळे आमेन म्हणतात, आणि मगच ती फळ्यावर नावं लिहिते. म्हणजे जे नाव लिहिलं जातं ते वरून आलेलं असतं. मी हे कधीच अमान्य केलेलं नाही. जूनचं नाव एस्तेर राणीपुढे आलं, मी मान लववली. घरी जाऊन भांडी जरा जोरात घासली असतील, पण मान लववली.

फक्त एकच अडचण आहे — आणि ती माझी नाही, कापडाची आहे. हा झगा बघा. हात लावा, लावा, खरी मखमल आहे, खालच्या घेराला सोनेरी जर मी हाताने टाचली आहे. जून काल घालून गेली. बाह्या कोपराशी संपल्या! एस्तेरच्या त्या शूशनच्या राजवाड्यात कापडाची टंचाई होती, असं पवित्र शास्त्रात कुठे म्हटलेलं नाही. … कधी शिवला? नाताळ झाल्यावर घेतला शिवायला. … हो, नावं नंतर जाहीर झाली, वसंताच्या तोंडावर. मग? … कोणाच्या मापाने म्हणजे — समोर जी मुलगी होती तिच्या मापाने! घरात लेना होती, म्हणून लेनाच्या. शिवणाऱ्या बाईने हवेला तर टाके घालायचे नाहीत ना? तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. झगा काही मी प्रभूला आठवण करून द्यायला शिवला नव्हता.

बरं, थोडासा होता.

पण तुम्ही आई आहात, तुम्हीच सांगा. माझ्या नातीला मिळालं काय? वश्ती! पहिल्या प्रवेशातली राणी — राजा मेजवानीला बोलावतो, ती म्हणते ‘मी येणार नाही’, आणि संपली. एवढंच वाक्य! मग उरलेलं सगळं नाटक तिने पडद्यामागे बसून काढायचं आणि त्या दुष्ट हामानला टोपी द्यायची. लेनाचे आईवडील दोघंही कामावर, तिला शाळेतून मीच घेते, मीच खाऊ देते, मीच रोज स्वयंपाकघरात उभं करून एस्तेरचं सगळं पाठ करून घेतलं — राजापुढे जाताना पाऊल कुठे थांबवायचं, मान किती झुकवायची, आवाज कुठे कापरा करायचा. जून छान करते, मी नाही म्हणत नाही. पण ती राजाकडे अशी चालत जाते, जशी दुकानात बदलून घ्यायला बूट घेऊन निघाली आहे. आमची लेना चालली की — म्हणजे चालली असती तर — लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आणि गंमत बघा, ती पोर कुरकुरतसुद्धा नाही. ‘मी येणार नाही’ हे एवढंसं वाक्य ती इतकं जीव ओतून म्हणते, की मिस ब्राउवरला सांगावं लागलं, लेना, थोडं हळू, राजा घाबरतो. पोरीचा स्वभावच समंजस. आतल्या आत गिळते. म्हणून तर तिच्यासाठी कोणीतरी बोलायला हवं ना?

तर माझी एक सूचना आहे. रागावू नका, पेपरमिंट आणखी एक घ्या. जूनने स्वतःहून, नम्रपणे, मिस ब्राउवरला म्हणावं, की मी या शाळेत नवी आहे, झगाही मला होत नाही, लेनाचं सगळं पाठ आहे, तर तिलाच राणी होऊ द्या. बस. किती शोभेल ते तिला! पुढच्या शुक्रवारी मी स्वतः लिहीन तिच्या त्यागाबद्दल, चार ओळी लिहीन, अगदी वर, स्तोत्राच्याही आधी. आणि त्याच पत्रात खाली लिहिता येईल, की पिकेट कुटुंबासाठी केलेली प्रार्थना ऐकली गेली, सर्व कुशल आहे, आभार. म्हणजे ट्रे थांबतील. पाळक फोन करायचे थांबतील. … धमकी? धमकी कसली, मिसेस पिकेट! विनंतीला उत्तर मिळालं की आभार मानायचे असतात, ही साधी पद्धत आहे. आता उत्तर मिळाल्याशिवाय मी आभार कसे लिहू?

… काय म्हणालात?

पुन्हा सांगा. यंत्रावर पाय माझ्याकडून दाबला गेला, ऐकू नाही आलं. … सकाळच्या प्रार्थनेत, हो, मुलं आपापलं मागतात, मीच नाही का सांगितलं — नावं लिहायच्या आधी — बरं, मग? … कोणी? … आमच्या लेनाने? मोठ्याने? सगळ्या वर्गासमोर? … नाही. तुमची जून चुकली असेल. तिने ‘मिळू दे’ म्हटलं असेल, ‘मिळू नये’ असं कोण मागतं? कोण देवाला सांगतं की मला राणी करू नकोस? … ‘आजी पहिल्या रांगेत बसते आणि माझं सगळं ओठांनी म्हणते, मग मला श्वासच घेता येत नाही’ — असं म्हणाली? हेच शब्द? … मी म्हणते ओठांनी, हो, तिला आधार म्हणून म्हणते, विसरली तर म्हणून, नाताळच्या नाटकात ती मेंढी झाली होती तेव्हाही म्हणाले होते, आणि मेंढीला तर — मेंढीला काही बोलायचंच नव्हतं. …

आणि वर्ग? मुलं काय म्हणाली? … सगळी? तुमची जूनही? … आमेन. हो. आमेन म्हणायचंच असतं. आणि मग मिस ब्राउवरने फळ्यावर — बरं. बरं. म्हणजे ते ऐकलं गेलं. इतक्या लगेच. माझ्याबाबतीत कधी इतक्या लगेच झालं नाही.

पण एक सांगते तुम्हाला, मिसेस पिकेट — हे शोभलं नाही तुम्हाला. लेकरं विश्वासाने वर्गात काहीतरी बोलतात, ते देवाशी बोललेलं असतं. ते उचलून बाहेर न्यायचं? चार लोकांत बोलायचं? दुसऱ्याच्या घरातली आतली गोष्ट अशी — अशी झाकण काढून —

… हसा. हसा तुम्ही, तुम्हाला आता हक्क आहे.

नको, पेपरमिंट राहू द्या, मला नको. … आणखी काही म्हणाली ती? खरं सांगा, आता लपवू नका. … ‘आजीला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल.’

उठा. नाही, मी रागावलेले नाही, पण तुम्ही उठा आता. जूनला राणी होऊ द्या, तिच्या चालण्याचं मिस ब्राउवर बघेल. घंटा व्हायची वेळ झाली, लेना वरच्या वर्गातून धावत खाली येईल, आणि तुम्ही तिला इथे माझ्याजवळ बसलेल्या दिसायला नको, ती हुशार आहे, चेहरे वाचते. मागच्या दाराने जा. आणि ऐका — तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. मला काहीही कळलेलं नाही. समजलं? जा.