वाऱ्याच्या खांबावरचे बोंबील

चहा घ्या, तोवर माझी चोरी सांगते. आमच्या वरोरच्या किनाऱ्यावर वारा मोजायचा खांब उभा केला होता. पवनचक्क्या इथे लावायच्या की नाही, ते त्यावर ठरणार होतं. खांबाच्या टोकाला वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या, चहूबाजूंनी तारा ताणलेल्या. मला बोंबील सुकवायला आयती सोय झाली!

चार दिवसांनी खांबवाली मनीषा रडवेली होऊन आली. "आजी, वरच्या वाट्या फिरतच नाहीत. साहेब म्हणतात, इथे वाराच नाही, खांब काढा. माझी सगळी मेहनत वाया!"

मी वर पाहिलं. माझे बोंबील खाऊन सुस्तावलेले कावळे वाट्यांवर बसले होते.

"बाय, वारा आहे. चोर मी आहे." बोंबील भराभर उतरवले, खांब बडवला. कावळे उडाले, वाट्या गरगरल्या.

ती हसली, पण लगेच म्हणाली, "मधल्या चार दिवसांचा वारा कुठून आणू?"

"लिही. सोमवारी उत्तरेचा, कोरडा. मंगळवारी दुपारनंतर दक्षिणेचा..." चारही दिवस सांगितले.

"एवढं लक्षात कसं राहतं?"

"माझा म्हातारा जन्मभर होडी घेऊन समुद्रात जायचा. तो परत येईपर्यंत मी दुसरं काय बघणार?"