कंबर माही, बोलणं त्यांचं

— नवस बोलली होती मी, बाई. आता तू विचारलं म्हणून सांगतो, नाहीतर दवाखान्याच्या बाकड्यावर देवाचं कशाले काढू? हायवेवरच्या त्या उंच मारोतीले नाही हो, त्याचे तर जाणारे-येणारे सारे फोटो काढतात — आमच्या नांदुऱ्याच्या गल्लीतला लहाना मारोती आहे, शेंदूर चढून चढून नाक-डोळे बी दिसत नाहीत असा, त्याले. म्हटलं, मारोतीराया, माही कंबर मोकळी कर. मोकळी झाली की पहिल्याच शनिवारी माह्या हातानं पीठ मळून, माह्या हातानं रोडगे भाजून तुह्या पारावर गल्लीले जेवू घालीन. माह्या हातानं — हे असं दोनदा म्हटलं मी. कोणं सांगतलं होतं म्हणायले? कोणीच नाही. देवानं बी नाही. नुसते रोडगे म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण नवस बोलताना माणूस हात राखून बोलते का? नाही बोलत. अन् आज पाह्य कशी बसेल आहे मी — भरल्या एसटीत अर्ध्या सीटवर बाई बसते तशी तिरपी. सरक जराशी. ती उशी घे, मऊवाली नको, ती घट्ट आहे ती घे पाठीमागं. हं.

तुहं वय काय गं, अन् एवढ्या लवकर कमरेले पट्टा? नाही, राहू दे, नको सांगू, सासूबाईनं सांगतलंच मघा काउंटरवर, कचोरी आणायले जायच्या आधी — 'काही नाही, जराशी पाठ धरते तिची.' ऐकलं मी. तू तोंड उघडायच्या आत त्याहिनं सांगून बी टाकलं. हसू नको, मले हसू नाही येऊन राह्यलं, मले राग येऊन राह्यला. कारण माह्या घरी बी तेच आहे. माही कंबर दुखते काजल दहावीत होती तेव्हापासून — काजल माही पोरगी — अन् आता त्या काजलले सातवा महिना चालू आहे. एवढी वर्षं! डॉक्टर मले विचारे, 'बाई, कधी दुखते?' अन् आमचे हे, रमाकांतराव, शेजारच्या खुर्चीवरून सांगत, 'सकाळी जास्त असते तिले.' सकाळी नाही हो दुखत मले! संध्याकाळी दुखते, दिवे लागायच्या वेळी, भाकरी टाकायले बसली की. पण पंचायत समितीत साऱ्या जन्माचं बाबूगिरीचं काम केलं माणसानं, अर्ज कोणाचा बी असो, उत्तर यायनंच द्यायचं. मंग डॉक्टर सकाळची गोळी देत. मी सकाळची गोळी खाई. अन् संध्याकाळी दुखे.

सारं करून पाह्यलं. पट्टा झाला, शेक झाला, निर्गुडीचं तेल झालं. शेजारच्या जनकाबाई पायाळू आहेत — जन्मताना पाय आधी आले त्यायचे — त्यायच्या लाथेनं उसण जाते म्हणतात, तर उंबऱ्यापाशी पालथी पडून लाथ बी खाल्ली. त्या बिचाऱ्या देवमाणूस, हळूच टेकवला पाय. मीच म्हटलं, जनकाबाई, जोरात मारा, एवढ्या लांबून पडायले आली का मी? दोन घरांच्या अंतरावरून! हसली नं? हस, हस. माही नणंद सुवर्णा, तिच्या मानेत चमक निघते, माह्या कमरेत, पण मेडिकलवाल्यानं दोघींले गोळ्या एकच दिल्या. म्हणे 'दुखण्यावर आहे.' दुखण्यावर आहे म्हणजे काय? पाऊस काय साऱ्या वावरात सारखाच पडते का?

मंग कोणाच्या तरी मुखातून या मॅडमचं नाव आलं, आरोही मॅडम. बोर्डावर ते कायरोप्रॅक्टिक लिहेल आहे, मले तं म्हणता येत नाही, मी मणक्याच्या मॅडम म्हणतो. नांदुऱ्याहून खामगावले यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, हे कुरकुरलेच — 'हाडं दाबून कंबर बरी झाली असती तं दुनियेत औषधं कशाले निघाली असती?' पण आले. अन् पाह्य देवाची करणी, आम्ही आत खुर्चीवर बसलो नं बसलो तर आमच्या यायचा फोन वाजला. कोणाच्या तरी सातबाऱ्याचं काम. हे बोलत बोलत बाहेर गेले, दार लोटलं गेलं, अन् मॅडम माह्याकडं पाहून म्हणाल्या, 'मावशी, दुखणं नंतर सांगा. आधी दिवस सांगा.' मी म्हटलं, कोणता दिवस? म्हणे, 'तुमचा. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता?'

माय, मले सांगताच येईना. मी दाराकडं पाहून राह्यली, हे येतील अन् सांगतील म्हणून! मंग हळूहळू निघालं. सडा, देवपूजा, पोळ्या. मॅडम म्हणाल्या, 'इथंच लाटून दाखवा.' मी खाली बसली, स्टूल पोळपाट केला, हवेत लाटणं धरलं. त्या चपला काढून माह्यासमोर खाली बसल्या अन् पाहात राह्यल्या. म्हणे, 'डावा पाय दुमडून सगळा भार उजवीकडे टाकता. नेहमी असंच?' आता मले काय माहीत नेहमी कसं! पोळ्या लाटताना कोणी आपल्याले पाहते का? पोळ्या पाहतात. मंग पालथं झोपवलं टेबलावर, दोन्ही टाचा जुळवून पाह्यल्या, अंगठ्यानं एकेक मणका दाबत दाबत खाली आल्या अन् एका जागी थांबल्या. 'इथं ना?' तिथंच होतं. नेमकं तिथंच. मी रडली बाई. दुखलं म्हणून नाही. ते आता कसं सांगू तुले… त्या जागेवर इतक्या वर्षांत कोणाचं बोट गेलं नव्हतं, आमच्या यायचं बी नाही. जाऊ दे, ते काढायचं नव्हतं मले. मंग मले कुशीवर वळवलं, श्वास सोडा म्हणाल्या, अन् एक दाब — कट्ट! उसाचं कांडं मोडावं तसं. मी म्हटलं गेली मी, आता उचलूनच नेतील. उठली तर उजवा पाय हलका. जसा दुसऱ्याचा पाय लावला.

अन् घरी करायले जे दिलं ते बी माह्याच मापाचं. पीठ मळायचं ओट्यापाशी उभं राहून, एका पायाखाली पाट, मधून मधून पाय बदलायचा. एक व्यायाम पलंगावरचा, एक भिंतीपाशी. सुवर्णा म्हणे, वहिनी मले बी शिकव. मी मॅडमले विचारलं, तर म्हणाल्या, 'तुमचा व्यायाम त्यांना देऊ नका, त्यांना इकडे पाठवा.' बरोबरच आहे नं, माह्या मापाचं ब्लाउज सुवर्णाले बसते का? अन् पहिल्याच दिवशी विचारलं होतं मॅडमनं, 'बरं झाल्यावर काय करायचंय मावशी?' असं कोणी विचारते? मी म्हटलं, दिवाळीनंतर पोरगी येते बाळंतपणाले. पाटावर पाय लांब करून बसायचं, पायावर लेकरू घ्यायचं अन् न्हाऊ घालायचं. तेवढंच. हे म्हणतात आपण बाई लावू. अहो, न्हाऊ घालणारी बाई मिळते, पण नातवाची टाळू आजीनं नाही भरायची तं कोणं? मॅडम हसल्या नाहीत. टॉवेलाची गुंडाळी करून माह्या नडगीवर ठेवली — 'हे बाळ. घाला आंघोळ.' थोडा वेळच जमलं, पण जमलं. म्हणे, 'दिवाळीपर्यंत होईल. माझं ऐका फक्त.'

ऐकलं मी. सारं ऐकलं. अन् श्रावणातल्या एका गुरुवारी देवघर पुसलं, उठली, अन् मंग माह्या ध्यानात आलं की मी खाली वाकली होती! दुखलंच नाही. तशीच उभी राह्यली फडकं हातात धरून. अन् पह्यलं काय आठवलं? नवस. शनिवार तर परवाच होता. देवानं दिलं अन् आपण वाट पाह्यले लावायचं का?

तू संग्रामपूरची, तुले रोडगे काय सांगू, पण एवढ्या गल्लीचे म्हणजे केवढं पीठ ते पाह्यलं पाह्यजे. जाड दळलेले गहू, घट्ट मळायचे, गोळे करायचे, गौऱ्यांच्या आरात उलथत पालथत भाजायचे, राख झटकायची, तूप. ओट्यावर होते का ते? खाली बसूनच होते. सुवर्णा आली, म्हणे 'वहिनी, मी मळतो, तू नुसता हात लाव.' मी म्हटलं, मारोतीपाशी माह्या हाताचं कबूल केलं आहे. मॅडमनं सांगतलं होतं नं — खाली बसून मळायचं नाही? सांगतलं होतं. पण मी म्हटलं, ते रोजच्या कामाचं, हे देवाचं काम आहे, देवाच्या कामानं कशी दुखेल कंबर! दिवसभर वाकली आरावर. काय रोडगे झाले बाई — अन् वांग्याची भाजी, लोक बोटं चाटून राह्यले. मी बी खूष. अन् रविवारी सकाळी पलंगावरून खाली पाय टेकवता येईना. यायनं अन् सुवर्णानं दोन्ही बाजूनं धरून उठवलं.

शंकरराव पुजारी आले पाहायले. म्हणे, 'कोकिळाबाई, सुवर्णानं मळलं असतं अन् तुम्ही हात लावला असता तरी देवानं तुमच्याच हातचं धरलं असतं.' आता सांगून राह्यले! शनिवारी वाढून वाढून रोडगे खाल्ले तेव्हा नाही सांगतलं.

पण ते बी चाललं असतं. राग त्याचा नाही. राग पुढचा आहे. परत आलो इथं, तर जिना चढताना हे म्हणाले, 'नवसाचं काढू नको आत. शिकलेले लोक, हसतील.' अन् या खेपेले फोन नाही वाजला. मॅडमनं मलेच विचारलं बरं, माह्याकडं पाहून — 'मावशी, मधे काही वेगळं केलं का? जास्त वाकणं, खाली बसणं?' अन् यायनं सांगतलं, 'काही नाही हो. घरी आरामच असते तिले. तुमच्या दाबण्यानंच बिघडलं.' आराम! पोतंभर पिठात खांद्यापावतो हात होते माहे! अन् मी काय केलं? पदर सारखा केला. मॅडम आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, 'म्हणजे माझाच अंदाज चुकला.' अन् ते सारं बंद केलं. तो दाब बंद, तो भिंतीपाशीचा व्यायाम बंद, दुसरंच काहीतरी सुरू. आता जे लागू पडलं होतं तेच बंद झालं नं माय! मॅडमची दिशा बरोबर होती अन् त्याहिले वाटते चुकली, कारण आमच्या यायनं सांगतलं मी आराम करून राह्यली होती. त्याहिचा काय दोष? देवाचा बी काय दोष? त्यानं तं दिलं होतं. दिवाळी जवळ येऊन राह्यली, काजल रोज फोनवर विचारते, 'आई, कंबर कशी आहे?' अन् फोन बी हेच घेतात — 'बरी आहे, बरी आहे!'

थांब, आलाच यायचा फोन. — हाव. — नाही नाही, अजून लय नंबर आहेत. — गाडीची चौकशी झाली का? — मंग शेगावच्या गाडीची बी करून ठेवा. — अहो लागते कधी! — हाव, रस प्या तुम्ही उसाचा. ऊन आहे, सावकाश या. — ठेवतो.

पाहू नको अशी. मीच पाठवलं स्टँडवर. लबाडी नाही ती, पाठ मोकळी करायचा उपाय आहे. आज आत मी एकटी जाणार आहे.

अन् एक विचारू? रागावू नको. तुह्या चपला कुठं आहेत? दाराबाहेर नाहीत, मी तुले रिक्षातून उतरतानाच पाह्यलं. टाचा पाह्य कशा फुटल्या. कोणाच्या नावानं सोडल्या ते मी विचारत नाही, तो तुह्या अन् देवाच्या मधला मामला आहे, त्यात मी कोण? पण कधीपासून गं? … एवढ्या दिवसांपासून! अन् शेतात बी अशीच जाते? खडकाळ वावरात? अन् एका पायावर जास्त भार देऊन चालते तू — आतापावतो मले बी पाह्यची सवय लागली. हे सांगतलं का कोणाले? सासूबाई सांगतील म्हणते? त्याहिनं तं सांगतलं नं — काही नाही, जराशी पाठ धरते.

नाही गं, मी नवस मोड नाही म्हणत. माह्या तोंडून तसं कधी निघणार नाही. मॅडम बी म्हणणार नाहीत, मले वाटते. त्या काहीतरी मापाचं काढतील, देवाचं बी राहील अन् पाठ बी राहील. पण त्याहिले माहीतच नाही तं त्या कशाच्या —

हाव! आली, कोकिळाबाईच! आली, आली, उठायले वेळ लागते. हात दे गं जरा. हं. ऐक, काल मी मारोतीपाशी नवा नवस बोलली. रोडगे नाही, नारळ नाही. म्हटलं, त्या खोलीत माह्या दुखण्याचं माह्या तोंडानं सांगीन. तू बी बोल असाच एक, आत्ता, इथं बसल्या बसल्या, मनातल्या मनात. ही माही पिशवी राहू दे तुह्यापाशी. सासूबाई कचोरी घेऊन आल्या अन् तुहं नाव निघालं की त्याहिच्या मांडीवर ठेव, म्हण, मावशीची पिशवी आहे, सोडून उठता येत नाही. अन् तू एकटीच आत जाऊन आधी पायाचं सांग. पट्ट्याचं मागून.