रेघ मारलेला रकाना

प्रोग्रॅमिंग मी पुण्यात शिकलो, पण कोडमधलं ‘नल’ (null), म्हणजे रिकामी किंमत, तिचा खरा अर्थ शिकवला पोलादपूरच्या सुनंदाताईंनी. त्या लोकांचे अर्ज भरून देतात. त्यांच्यासाठी मी अर्ज भरणारं एक फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिलं. जिल्हा-तालुका आधीच भरलेला, बाकीची माहिती मागाहून द्यायची.

उमरठची एक बाई मुलीला घेऊन आली. वडिलांचं नाव लावायचं नव्हतं, म्हणून मी तिथे नल दिलं. फंक्शनला वाटलं, माहिती यायची आहे. त्याने स्क्रीनवर पुन्हा विचारलं, “वडिलांचं नाव?” असं तीनदा. बाईने मान खाली घातली.

ताईंनी लॅपटॉप मिटला आणि कागदी अर्जावर त्या रकान्यात रेघ मारली.

“कोरं म्हंजे विचारायचं ऱ्हायलंय. रेघ म्हंजे विचारून झालं. परत विचारायचं नाय रे.”

आता नल दिलं की माझं फंक्शन गुपचूप पुढच्या रकान्यावर जातं.