सांध्यातलं मेण

हॅलो?… ताई? ऐकू येतंय का?… मी एदिल्मा!… हो, हो, पुएर्तो एस्पीनोहूनच. हॉलवाल्या ओब्दुलियाबाईंच्या फोनवरून करतेय, माझा घामानं बंद पडला… अगं खरंच घामानं! खिशात होता, भिजला. इथं सगळंच भिजतं.

ताई, बाबांना फोन दे.

… माहीत आहे गं त्यांना बोलता येत नाही! ते अर्धांगाचा झटका येऊन पडले तेव्हा मीच होते ना शेजारी? पण ऐकू तर येतं? मग कानाला लाव… सूप पाजतेयस? राहू दे सूप!… बरं, बरं. पाज. आधी तोंड पूस त्यांचं. आणि पुसता पुसता ऐक.

बिलियर्डचं टेबल वाया गेलं, ताई.

… वाया म्हणजे वाया! अजून कसं सांगू?… नाही, पुरानं नाही. पुराचं सगळं मी निस्तरलं होतं. फुगलेले पाय काढून नवे बसवले, कडेचं रबर नवं, जाळ्या नव्या. दगडाच्या तिन्ही फरश्या खाली पत्ते सारून सारून एका पातळीत आणल्या. ओब्दुलियाबाईंचा अख्खा जोड गेला त्यात, आता त्यांच्याकडं रमी खेळायला राजे उरले नाहीत. मग सांध्यांत मेण ओतलं. बाबांचं मेण, राळ घातलेलं, त्यांच्याच पातेल्यात वितळवून. काल संध्याकाळी कापड ताणलं आणि बॉल सोडला… ताई, असा गेला, असा गेला… मी स्वतःचीच पाठ थोपटली गं. तिथंच नशीब फुटलं.

… आज दुपारी! पत्र्याचं छप्पर आहे इथं. तुंजात आपण सकाळी घोंगडी पांघरून काम करतो, इथं भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मेण मऊ पडलं आणि फुगून वर आलं. कापडावरून बोट फिरवलं तर छडीचा वळ उठल्यासारखं लागतं. बॉल सांध्यापाशी येतो, टुक् करून उडतो आणि डावीकडं पळतो. प्रत्येक वेळी डावीकडं. तिथं काय ठेवलंय कोण जाणे.

… बर्फ लावला ना! बिअरच्या खोक्यातला, पिशवीत बांधून. थोडा वेळ कडक झालं, मग परत लोण्यासारखं. किती वेळ बर्फ धरून बसू? खेळणाऱ्यांना सांगू, जरा थांबा हं, तुमचा नेम लागेपर्यंत मी सांधा गार करते?

… चारला. चारला खेळ आहे, ताई. आज संत सान रोकेचा सण. नदीपलीकडचे लोक होडीनं निघालेत, बँड घेऊन. पूर आल्यापासून हा हॉल बंद होता, आज उघडतोय. अख्खं गाव येणार. पाद्री येऊन टेबलावर पवित्र पाणी शिंपडणार… हो, कापडावर! मी म्हटलं, फादर, देवाला लांबूनही दिसतं, दारातूनच आशीर्वाद द्या. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद करतेय.

… नाही, रडत नाहीये. घाम आहे.

… थोडी रडतेय.

काय?… घरी ये? सरळ घरी ये?… आणि सोमवारी दुइतामाचा तो सुतार येऊन बाबांचं दुकान उचलून नेणार. हेच ना?… मग काय ठरलं होतं? तूच म्हणालीस, हे एक टेबल तू एकटीनं नीट खेळतं करून दाखव, दुकान ठेवू. नाही झालं तर रंधे, पट्ट्या, ते मेणाचं पातेलं, सगळं सुताराला. तो पातेल्यात काय करेल माहीत आहे? सरस शिजवेल. सरस!

… अगं ऐक ना… ऐक… मला कळत नाही का? तू एकटी त्यांना उठवतेस, बसवतेस, रात्री कूस बदलतेस. तुला दुकानाची ती खोली भाड्यानं द्यायची आहे, द्यावीच लागेल, सगळं मला कळतं. मी तुला वाईट म्हणत नाहीये. मी फक्त म्हणतेय, बाबांना एकदा विचार. गरम गावात सांध्यात काय भरायचं. एवढंच.

… डोळ्यांनी सांगतील ना! हो असेल तर डोळे मिटा म्हणावं. तू रोज सूप गरम आहे का विचारतेस, तसंच. लाव स्पीकरवर.

बाबा? बाबा, मी एदिल्मा. टेबल बिघडलं माझ्याकडून. रागवा नंतर, आधी सांगा. मेणात राळ अजून घालू?… काय म्हणाले, ताई?… मिटले नाहीत?… बघतायत नुसते. बरं. गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी?… नाही. लाकडाचा भुसा आणि सरस?… नाही. बाबा, मग काय हो!

… नाही, ओरडत नाहीये त्यांच्यावर. स्वतःवर ओरडतेय.

… बोट उचललं? कोणतं, उजव्या हाताचं? कुठं दाखवतायत?… भिंतीकडं. भिंतीवर काय आहे?… येशूचं चित्र. म्हणजे प्रार्थना कर म्हणतायत, झालं! बाबा, प्रार्थना सकाळीच करून बसलेय मी… काय, चित्र नाही? कॅलेंडर?… तेही नाही? मग तिथं आहे काय दुसरं? ताई, नीट बघ, खिळा, दोरी, पाल, काहीतरी असेल!

… नुसती भिंत?

… नुसती पांढरी भिंत.

थांब.

ताई, थांब. बोलू नकोस… भिंतीचं प्लास्टर म्हणतायत का? विचार. विचार ना पटकन!… मिटले? घट्ट मिटले?

अरे देवा.

… नाही, काही नाही. ताई, आल्या आल्या मी सांध्यांतून काय खरवडून काढलं, माहीत आहे? पांढरं प्लास्टर. दगडासारखं झालेलं. छिन्नी लावून काढलं, बोटं सोलली माझी. आणि सगळ्यांसमोर म्हटलं, कोण गाढव होता हो, बिलियर्डच्या टेबलात भिंत भरून गेला! मी दाखवते तुम्हाला खरं काम काय असतं, म्हटलं. अशी छाती काढून. ते बरोबर होतं, ताई. तेच बरोबर होतं, तेच टिकलं होतं इतकी वर्षं, आणि मी ते काढून मेण घातलं, आपल्या थंड डोंगरातलं मेण!

… काय हो, ओब्दुलियाबाई? … थांब ताई, या काहीतरी म्हणतायत… कोण?… यांचे मालक हयात होते तेव्हाची गोष्ट आहे म्हणे. वरून थंड मुलखातून एक माणूस आला होता… घोंगडी पांघरून, या उन्हात… आधी मेण घातलं त्यानंही?… ते वितळल्यावर चक्कर येऊन टेबलावरच पडला?… शुद्धीवर आल्यावर… काय? हां, माशाचं सार प्यायला टोपभर, आणि मग प्लास्टर मागितलं?

ताई, नाव नको विचारू. या उन्हात घोंगडी न काढणारा माणूस जगात एकच आहे.

बाबा! तुम्ही ते गाढव?… आणि घरी आयुष्यभर सांगितलंत, त्या गरम गावात माझा काय मान केला, अख्खा मासा खाऊ घातला! चक्कर आल्याचं कधी नाही सांगितलंत ते!… हसतायत? ताई, खरंच हसतायत? त्या अर्ध्या तोंडानं?… सूप सांडलं? सांडू दे!

टेबल बसवणाऱ्याचं नाव नव्हतं गं कुठं. मी बघितलं ना फरशीवर, पहिलं तेच बघते. पेन्सिलीनं लिहिलेलं, पुरात पुसलं असणार. नाव दिसतं तर मी छिन्नी लावली असती का? हात जोडले असते.

बरं, आता वेळ नाही. प्लास्टर कुठं मिळेल, ओब्दुलियाबाई? दुकानं बंद आहेत सणाची… शेजारी? सान रोकेच्या मूर्तीपाशी असतो त्या कुत्र्याची तंगडी तुटली होती, ती जोडायला आणलंय?… मिरवणूक निघाली की जाईल ते कुलपात! ताई, पळते मी. फोन तोडू नकोस, हा टेबलावर ठेवते… हॅलो? हॅलो? गेला.

*

हॅलो?… हो, मीच… मिळालं! कुत्रा तीन पायांवर निघाला असता मिरवणुकीत, पण मूर्तीवाली बाई म्हणाली, तंगडी वाळली आहे, उरलेलं ने. सरस मिसळला त्यात. होडी रंगवणाऱ्याकडून थिनर आणला, कारण मेणाचा ओशटपणा राहिला तर प्लास्टर धरत नाही, हे तरी डोक्यात होतं माझ्या. कापड काढताना जीव मुठीत, ताई. दुसरं कापड नाही. एकेक पिन चिमट्यानं, श्वास रोखून. एका कोपऱ्यात टर्र झालं, ते जाळीखाली लपवते, कुणाला सांगू नकोस. कापडाला खालून लागलेलं मेण बर्फानं कडक करून टिचवलं.

… आताच घासून काढलं. हो, वाळलंय. नख लावलं, उतरत नाही… बॉल? अजून नाही सोडला.

… भीती वाटते म्हणून नाही सोडला! बरं वाटलं ऐकून?

… तू आहेस ना लाइनवर? मग सोडते. बाबांना सांग ऐकायला. नुसत्या दगडावर आवाज येतो, सांध्याशी टुक् झालं तर त्यांना कळेलच… गप्प बसा रे सगळे! बँड बंद करा!

…

…

… ऐकलंत?

ऐकलंत बाबा? काहीच नाही आलं ना? दोन्ही सांधे, जाऊन परत आला, सरळ. अगदी सरळ, ताई. परत सोडते… ऐक… ऐक…

… हो. हो गं. हो.

… आता मात्र घाम नाहीये, रडतेय.

… काय म्हणालीस?… परत म्हण… सुताराला आत्ता फोन करतेस? तुझ्याच तोंडानं? आणि खोलीचं भाडं… बरं, बघू म्हणतेस तर बघू. मागच्या गोठ्यातही बसेल दुकान, मी पत्रा घालीन… नाही, पत्रा नाही! कौलं घालीन, शपथ!

ताई… अजून एक. कापड चढवायच्या आधी सांग… नाव घालायचं असतं ना फरशीवर. मी आजवर त्यांचंच घातलंय. माझ्या हातानं, त्यांचं नाव. मेण मी ओतायचे, कापड मी ताणायचे आणि लिहायचे ‘काम्पो एलियास’. एकदा विचारलं होतं, माझं खाली बारीक लिहू का? तर म्हणाले, हात सरळ झाला की बघू. आता हे टेबल… चूक माझी, दुरुस्ती त्यांची. म्हणून विचारतेय. विचार त्यांना, कुणाचं नाव घालू? त्यांचंच घालते, मला काही वाईट नाही वाटणार, पण विचार.

… डोळे मिटत नाहीत? दोन्ही नावांना नाही?… दमले असतील. राहू दे. त्यांचंच…

काय?… बोट उचललं? परत भिंत?… भिंत नाही?… मग कशाकडं?

… फोनकडं?

… तुझ्याकडं असेल गं, फोन तुझ्या हातात आहे… फोन खाली ठेवून बघितलंस?… पलंगावर?… तरी फोनकडंच? माझ्या आवाजाकडं?

… अजून धरून ठेवलंय बोट?

… हो. हो, कळलं म्हणावं. कळलं, बाबा. हात खाली घ्या, दुखेल.

… बरं, ताई. होड्या आल्या बघ, भोंगा वाजला. कापड चढवायचंय. ओब्दुलियाबाई, पेन्सिल द्या हो… कसलीही चालेल… नाही, तासून द्या. ताई, ठेवते.