आठ नंबरचं बटण

...आणि वर मलाच विचारतात, "समितीचे अध्यक्ष तुम्हीच होतात ना?" होतो! होतो की! नाकारतोय कोण? एकतीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांना विचारलं, आयुक्तांना विचारलं, एका बिल्डरला तर त्याच्या मुलीच्या लग्नात, हातात अक्षता असताना विचारलं, की हा हॉल उभा आहे ती जमीन कुणाची? जेवण न करता बाहेर पडावं लागलं, पण विचारलं! प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे, तुम्हाला सांगतो! आणि घणसोलीच्या जमुनाताईंचं राहतं घर टांगलं गेलं कशावर? मी न विचारलेल्या एका प्रश्नावर!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्या अधिकाऱ्यासारखं म्हणाल, "मुद्द्यावर या."

आमचं दैनिक छोटं. बेलापूरला तिसऱ्या मजल्यावर कार्यालय. जुन्या अंकांच्या बांधीव फायली होत्या, भिंतभर. त्या वाळवीने खाल्ल्या. वाळवी ही आमची सगळ्यात निष्ठावान वाचक, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, छोट्या जाहिरातींसकट! मग जे उरलं ते स्कॅन केलं, जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह स्कॅन केल्या आणि सगळं एका सर्व्हरवर ठेवलं. सर्व्हर कशात? रॅकमध्ये. रॅक म्हणजे काचेच्या दाराचं लोखंडी कपाट. आत गरम हवा, बाहेर एसी, आणि मध्ये आमची सव्वीस वर्षं.

आता त्या रॅकमध्ये एक नेटवर्क स्विच बसवायचा आणि एक पीडीयू. मालक म्हणाले, "यांना करा अध्यक्ष, यांना प्रश्न फार पडतात." मालक म्हणजे नंदकुमार, सगळे त्यांना नाना म्हणतात. हल्ली नाशिकला मुलीकडे असतात आणि तिथून फोनवर पेपर चालवतात.

तुम्हाला सांगतो, नेटवर्क स्विच म्हणजे असा डबा, की ज्याला दाबायला एकही बटण नसतं! नुसती भोकं आणि हिरवे दिवे. बाहेरच्या जगातून सर्व्हरकडे जे काही येतं-जातं ते या डब्यातून. आणि पीडीयू म्हणजे आपला विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड, आठ पिनांचा, पण शिकलेला! त्याची बटणं तुम्ही उलव्याहून दाबा, नाशिकहून दाबा, अमेरिकेतून दाबा, इथे कपाटातलं यंत्र बंद. पुन्हा दाबा, चालू. नानांना हे इतकं आवडलं, इतकं आवडलं, की बाकी काही ऐकेचनात. "म्हणजे मी इथून बंद करणार आणि तिथे बंद होणार?" "हो नाना." "आणि मला तिकडे यावं लागणार नाही?" "नाही नाना." कार्यालयातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले.

महाप्याच्या एका कंपनीतून गीतांजली मॅडम आल्या. फार हुशार बाई, फार गोड बोलतात. "सर, चोवीस पोर्टचा घ्यायचा की अठ्ठेचाळीस?" मी म्हटलं, आमची माणसं अकरा. "सर, फ्यूचर बघा." मी म्हटलं, छापील पेपरवाल्याला फ्यूचर बघायला सांगताय? "बरं सर, मॅनेज्ड की अनमॅनेज्ड?" म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं अनमॅनेज्डच चाललंय! पण विचारलं, सगळं विचारलं! पंखा किती आवाज करतो? वॉरंटीत कोण येतं? आणि तो जो कोण येतो, तो खरंच येतो का? वीज गेली तर काय, उंदीर शिरला तर काय, तिसरी पीन चौथीऐवजी दाबली गेली तर काय? मॅडमनी वही बंद केली. म्हणाल्या, "सर, आमच्या आख्ख्या करिअरमध्ये इतके प्रश्न कुणी विचारले नाहीत." मी छाती फुगवून म्हटलं, प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे!

बसवलं. स्विचची विजेची वायर मॅडमनी भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावली. फोटो गेला नाशिकला. लगेच फोन, "अरे, ती एक वायर बाहेर काय लोंबतेय? लंगोटी वाळत घातल्यासारखी! आत घ्या की, बोर्डात आठ नंबर रिकामा आहे ना?" मॅडम म्हणाल्या, "सर, बाहेर असलेली बरी, पण... तुम्ही अध्यक्ष, तुम्ही सांगाल तसं." आणि मी, तुम्हाला सांगतो, मी, ज्याने मंत्र्याला विचारलं होतं की पुलाचा उतार हवेत का संपतो, तो मी काय म्हणालो? "घ्या आत. सुबक दिसतंय."

त्या "पण"च्या पुढे काय होतं, हे विचारलं नाही.

आता जमुनाताई. घणसोली गावात खाडीकडच्या अंगाला त्यांचं घर. मासळी विकून सासूने बांधलं, सुनेने वाढवलं. आता सरकारी कागद म्हणतो, हे घर अमुक तारखेच्या आधीचं असेल तर राहील, नंतरचं असेल तर पाडू. ताई म्हणतात, आधीचं. कागद म्हणतो, पुरावा? घराला जन्माचा दाखला असतो का हो? मग त्यांना आठवलं, आणि मलाही आठवलं! एक पुढारी त्यांच्या दारासमोर नळाचं उद्घाटन करायला आला होता. नळ फिरवला, पाणी आलं नाही. फोटो मी काढला होता! पुढारी नळाला टांगल्यासारखा, आणि मागे हे घर, आख्खं, कौलांसकट, दारात जमुनाताई पोट धरून हसताहेत. पेपरात छापला तेव्हा नळ कापला, घर कापलं, नुसता पुढारी ठेवला. पूर्ण फोटो कुठे? आमच्या रॅकमध्ये! तारखेसकट!

अधिकाऱ्याला दाखवायला प्रिंट नेली. तो म्हणाला, "कागदावर आणि मोबाईलमध्ये हल्ली काहीही करता येतं. मूळ संग्रहातून, माझ्यासमोर, माझ्या टेबलावर उघडा. पुढची तारीख शेवटची." मी म्हटलं, उघडतो! कुठूनही उघडतं आमचं!

शेवटची तारीख आली खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. छपाईयंत्र होतं तेव्हापासूनची रीत. सकाळी यंत्र बंद करायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दिवेलागणीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, एक दिवस निजू दे. छान रीत आहे, माझा काही विरोध नाही. छपाईयंत्र कधीच गेलं, पण या वर्षी नाना, मला न सांगता, पंढरीला म्हणाले, रॅक आहे ना! पंढरी म्हणजे आमचा शिपाई.

साडेदहाला मी सरकारी कार्यालयातून लॅपटॉपवर फोटो उघडून बघितला. उघडला. जमुनाताईंनी पदर तोंडाला लावला. "अगो बाय, मी कवरी बारीक होते!" अकरा वीसला आमचा नंबर लागला. अधिकाऱ्याने चष्मा पुसला. "हं, दाखवा." मी बटण दाबलं.

गोल. नुसतं गोल फिरतंय!

कारण अकरा वाजून पाच मिनिटांनी, पंचांगात बघून, नाना नाशिकला पाटावर बसले होते. समोर फोन, फोनला कुंकू. कापूर लावला आणि एकेक बटण बंद करत गेले. एक नंबर, सर्व्हर. दोन नंबर, डिस्कचा डबा. प्रत्येक बटणाला एक फूल! असं करत करत आठ नंबर. आठ नंबर म्हणजे तो स्विच. सगळं शांत! नानांना वाटलं, देवी प्रसन्न झाली.

अधिकारी म्हणाला, "वीस मिनिटं थांबतो. त्याहून जास्त नाही." माणूस वाईट नव्हता, तुम्हाला सांगतो, हेच तर वाईट आहे. माणूस वाईट असता तर मला काय लिहायचं ते कळलं असतं.

मी धावलो. रस्त्यापलीकडे आमची इमारत. लिफ्टला हार! लिफ्टही निजलेली! तीन मजले चढलो, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. वर रॅकसमोर पंढरी, प्रेसच्या काळापासूनचा. "सायेब, चपला! चपला काढा आधी!"

"पंढरी, ती आठ नंबरची वायर काढ आणि भिंतीत लाव."

"आज? मशीनला हात? नानांनी सांगितलंय, दिवे लागल्यावर."

"अरे, एका बाईचं घर जातंय!"

"मग नानांना विचारा ना. तुमी विचारता ना सगळ्यांना."

फोन लावला. नाना आनंदात. "अरे, काळजी कशाला? मी इथून चालू करतो. आत्ता करतो... गोल फिरतंय रे."

"नाना, ज्या रस्त्याने तुमचं बटण इथे पोचतं ना, तो रस्ताच तुम्ही बंद केलाय!"

"मग चालू करतो ना!"

"कसा?"

"रिमोटने!"

गीतांजली मॅडमना फोन लावला. त्या दसऱ्यासाठी गावी. "सर, एक मिनिट, मी रिमोटली चेक करते." मी ओरडलो. पलीकडून अगदी हळू आवाज, "सर... आठ नंबर ऑफ केलाय का कुणी?"

मी चपलांसकट पुढे झालो. झेंडूची माळ बाजूला केली, हाताला कुंकू, पंढरी कानाला हात लावून "देवी माफ कर, देवी माफ कर" म्हणतोय, आणि मी वायर उपटून भिंतीत खुपसली. त्या डब्याला जाग यायला चार मिनिटं. चार! तोवर मी पंढरीकडे बघतोय, पंढरी माझ्या चपलांकडे. हिरवे दिवे लागले, आणि धडाधड एक, दोन, तीन, सगळी यंत्रं उठली, कारण नाशिकला नाना अजून बटणं दाबतच होते! फोनवर आवाज, "बघ! झालं की नाही रिमोटने?"

पण यंत्राची वीज अशी खाडकन काढली, की उठल्यावर ते आधी स्वतःला तपासतं. घाबरलेलं असतं बिचारं. पडद्यावर आलं, "डिस्क तपासत आहे, तीन टक्के." मी हात जोडले. चार टक्के. एकतीस वर्षं पोलिसांसमोर जोडले नाहीत हात, डब्यासमोर जोडले.

परत पोचलो तेव्हा आदेश सांगून झाला होता. "संधी देऊनही पुरावा सादर केला नाही." जमुनाताई बाकड्यावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, स्विच, पीडीयू, आठ नंबर. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, होडीशी उतरताना दोर आपल्या हातान ठेवतान. तुमी दोर होडीनच टाकलाव, आन होडी ढकलून दिलीव. आता किनाऱ्याशी कवरी बी हाका मारा, होडीला कान हाईत का?"

तुम्हाला सांगतो, आठ बैठका! माझे साठ प्रश्न! आणि नेमका प्रश्न विचारला कुणी? मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वाढलेल्या बाईने, एका दमात, वायर न बघता! आणि प्रश्न विचारणं हा कुणाचा धंदा आहे म्हणालो मी?

दोन वाजून दहा मिनिटांनी फोटो उघडला. अधिकाऱ्याने नीट बघितला, तारीख बघितली, कौलं बघितली, दारात हसणारी बाई बघितली आणि समोरची बघितली. म्हणाला, "घर आहे हो. पण आदेश झालाय. अपील करा." अपील केलं. अपिलाची तारीख मिळाली. ती यायच्या आधी जेसीबी आला.

मी बातमी लिहिली. सगळी खरी लिहिली, आमच्या आठ नंबरसकट. नाना म्हणाले, "आपल्याच पेपरात आपलीच बदनामी? थोडी कापा." पुन्हा नळ कापला, पुन्हा घर कापलं.

आणि परवा बैठक. असं पुन्हा होऊ नये म्हणून नानांचा उपाय, स्विचसाठी आणखी एक पीडीयू! स्वतंत्र! निवड समितीचा अध्यक्ष कोण? या वेळी मी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, या दुसऱ्या पीडीयूला वीज कुठून?"

मॅडमनी मान खाली घातली. "सर, भिंतीतलं सॉकेट नानांनी बुजवून घेतलंय, वायर लोंबते म्हणून. नाना म्हणाले... पहिल्यातूनच."

मी अहवालात "नको" लिहिलं. नानांनी नाशिकहून मंजूर केलं.

मी उठलो आणि उलव्याला गेलो. जमुनाताई आता तिथे लेकीकडे असतात, भाग्यश्रीकडे, सातव्या मजल्यावर. खाडी दिसते म्हणाल्या, वास येत नाही. मी तो फोटो मोठा करून, काचेत घालून नेला होता. सबंध, काहीही न कापता. भाग्यश्रीने हातोडी आणली, खिळा ठोकला, फोटो लावला. जमुनाताई लांब उभ्या राहून बघत होत्या, आपलं घर, आपली कौलं, दारात आपण.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भाऊ, यो तरी कोन लांबून बंद नाय ना करनार?"

म्हटलं, नाही ताई. खिळ्यावर आहे.